अण्णांचं वर्डस्टार

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात घासलेटचा वास असायचा. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, नाशिकच्या कोर्टाबाहेर टायपिंग करत. तिथे पत्र्याच्या शेडखाली ओळीने टायपिस्ट बसत आणि अगदी कडेचं टेबल अण्णांचं. आठवडाभर त्यांचं मशीन रात्री शेजारच्या चहावाल्याकडे पेटीत कुलूपबंद असे. शनिवारी मात्र ते ती जड पेटी बसमध्ये चढवून नाशिकरोडला घरी आणत, जमिनीवर वर्तमानपत्र पसरत, आणि जुना टूथब्रश घासलेटमध्ये बुडवून एकेक अक्षर घासत बसत. इंग्रजी ‘ई’ आणि ‘ओ’च्या पोटात शाईचा मळ धरतो. तो टाचणीने काढायचं काम माझं. मळ निघाला की अण्णा मशीनवर कोरा कागद चढवत, एकच ओळ टाईप करत आणि कागद दिव्यापाशी धरून बघत. मग आईला हाक मारत, “बघ गं, कसं उमटलंय!” आईला वाचता येत नव्हतं. ती पिठाचे हात तसेच घेऊन यायची, मान वाकडी करून कागदाकडे बघायची आणि दर वेळी म्हणायची, “लय ब्येस. मुंग्या कशा वळीनं चालल्यात.”

आमचं घर दोन खोल्यांचं. मागच्या दाराशी उभं राहिलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. वारा आमच्याकडे असला की वाळत घातलेले पांढरे कपडे आई घाईघाईने आत घ्यायची. तिचं माहेर निफाडजवळच्या खेड्यातलं, त्यामुळे थंडीची तिला फार ऐट. “ही कसली थंडी? आमच्याकडं हंड्यातलं पाणी हात चावतं,” असं ती म्हणायची आणि आम्ही कुडकुडत चुलीपाशी सरकायचो. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, बाजाराच्या दिवशी सुकट. भाकरी थापल्याचा आवाज आणि अण्णांच्या बोटांचा आवाज, हे दोन आवाज मला त्या घरात सगळ्यात आधी आठवतात. कारण अण्णांची बोटं मशीन नसलं तरी चालत. जेवताना ताटाच्या काठावर, विहारात वंदनेला बसले की मांडीवर, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्यावर. आई म्हणायची, “झोपंत तरी त्या हातांला सुट्टी द्या.”

स्टॅम्पपेपरवर खाडाखोड चालत नाही. एक अक्षर चुकलं तर कागद वाया. म्हणून अण्णा आधी सगळा मजकूर ओठ हलवत वाचत आणि मगच पहिलं बटण दाबत. सुरगाण्याकडून जीपमध्ये दाटीवाटीने बसून आलेली माणसं त्यांच्यासमोर उकिडवी बसून राहत, आणि अण्णा त्यांना त्यांचंच नाव दोनदा विचारून घेत. “नाव एकदा चुकलं की माणूस पुढं जन्मभर ते दुरुस्त करत फिरतो,” हे त्यांचं वाक्य. मला टायपिंग त्यांनीच शिकवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्याच मशीनवर, बोटांवर रुमाल टाकून, म्हणजे मी खाली बघू नये. मी टायपिंगची परीक्षा पास झाले तेव्हा शेडमधल्या सगळ्यांना त्यांनी चहा पाजला. पण त्यांचं खरं स्वप्न वेगळं होतं. “टायपिंग हातात असू दे. पण तू दुसऱ्यानं लिहिलेलं टाईप करायचं नाहीस. तू लिहायचं आणि दुसऱ्यानं टाईप करायचं.” मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

त्या हिवाळ्यात एका सकाळी अण्णा कामावर जायला निघाले होते. शर्टाची बटणं लावता लावता ते म्हणाले, “सुजाता, बटणं का लागत नाहीत गं आज?” मला वाटलं थंडीने हात आखडला असेल. मी जवळ गेले तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि पुढचं बोलणं कळेचना. आई चुलीपासून उठली, तिने त्यांना पाठीमागून धरलं आणि ती दोघंही हळूच खाली बसली. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवी बाजू गेली आहे. पाय येईल हळूहळू, बोलणंही थोडं सुधारेल. हाताचं सांगता येत नाही. शेजारच्या एकाने कबुतराच्या रक्ताने चोळायचं सुचवलं. अण्णांना त्या वेळी एक शब्द धड बोलता येत नव्हता, तरी त्यांनी मान अशी हलवली की तो माणूस परत त्या विषयावर बोलला नाही.

घरी आल्यावर ते दारातल्या खुर्चीत बसून असत. उजवा हात मांडीवर, कुणी ठेवून विसरून गेल्यासारखा. बोटं थांबली होती. आई भाकरी थापायची, पण आता तो एकच आवाज होता, आणि मला तो ऐकवत नसे. शेडमधले लोक एका रविवारी मशीनची पेटी घेऊन आले, चहा प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. त्यांनी पेटी कोपऱ्यात ठेवली तेव्हा अण्णांनी तिकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांशिवाय ते मशीन चालणारं नव्हतं. त्याची बटणं जड, त्यात एका हाताने कॅपिटलचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने अक्षर मारायचं आणि ओळ संपली की तोच हात उचलून गाडा ढकलायचा. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला तसं आईने माहेरच्या ओळखीवर पॅकिंगला जायचं ठरवलं. पहाटे टेम्पो यायचा, त्यात बायका उभ्याने निफाडकडे जायच्या. संध्याकाळी ती परत आली की तिच्या हातांना द्राक्षांचा चिकट वास असे. आणि मी कॉलेज सोडलं. मला कुणी सोड म्हटलं नाही, तशी वेळच आली नाही. अण्णांचं बरंचसं काम ज्यांच्याकडून येत असे त्या वकीलबाईंनी निरोप पाठवला होता की साळव्यांच्या मुलीला टायपिंग येत असेल तर तिने ऑफिसला यावं. मी गेले. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. “एक वर्ष,” ते अडखळत म्हणाले. मी म्हटलं, “हो अण्णा, एकच वर्ष.” आम्हा दोघांनाही माहीत होतं की असं वर्ष संपत नसतं.

वकीलबाईंचं ऑफिस सीबीएस बसस्टँडजवळ पहिल्या मजल्यावर होतं. बाई पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या, कोर्टात आवाज चढवणाऱ्या आणि ऑफिसात अगदी हळू बोलणाऱ्या. त्या दिवसांत कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला बिल्डिंगा उठत होत्या आणि त्यांच्या फ्लॅटांचे करारनामे बाईंकडे यायचे. प्रत्येक करारनामा जाडजूड, इंग्रजीत, आणि सगळे सारखेच. फक्त घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि मजला बदलायचा. अण्णा हेच वर्षानुवर्षं टाईप करत आले होते. मीही तेच करू लागले. आणि एका दुपारी मुंबईहून बाईंच्या मुलाने पाठवलेली खोकी आली.

कॉम्प्युटर आला तेव्हा बाईंनी नारळ वाढवला, मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि दाराबाहेर पाटी ठोकली: चपला बाहेर काढाव्यात. छोट्या खोलीला एसी बसला. मुंबईहून आलेला एक माणूस मला शिकवायला थोडे दिवस राहिला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. एक तबकडी, म्हणजे फ्लॉपी, डाव्या खाचेत, तिच्यात प्रोग्राम, दुसरी उजव्या खाचेत, तिच्यात आपलं काम. त्या पहिल्या तबकडीत असलेला प्रोग्राम म्हणजे वर्डस्टार. आज माझा मुलगा फोनला तोंडी सांगतो आणि फोन मराठीत लिहून दाखवतो. त्याला त्यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटू नयेच. पण मला ती दुपार आठवते. मी एक वाक्य टाईप केलं, चुकलं, आणि तो माणूस म्हणाला, “पुसा ना.” मी टेबलावर खोडरबर शोधू लागले. तो हसला नाही. त्याने एक बटण दाबून धरलं, दुसरं दाबलं, आणि चुकीचं अक्षर गेलं. मागे डाग नाही, खरवडलेला कागद नाही. शेजारची अक्षरं सरकून जागा भरून काढत होती, बसमध्ये कुणी उतरलं की लोक सरकून बसतात तशी.

मी त्या प्रोग्रामच्या प्रेमात पडले, दुसरा शब्द नाही. पुढे आयुष्यात मी कितीतरी प्रोग्राम वापरले, हिशेबाचे, चित्रांचे, पत्रांचे, घरी आणि ऑफिसात. पण पहिला तो पहिलाच. वर्डस्टारमध्ये सगळं कंट्रोल नावाच्या बटणावर चालायचं. ते दाबून धरायचं आणि सोबत एक अक्षर. परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवता यायचा. आणि ज्याने माझी झोप उडाली ते म्हणजे, जुनं नाव आणि नवं नाव सांगितलं की तो सबंध करारनाम्यात शोधून शोधून नाव बदलायचा. ज्या कामाला अण्णांचा अख्खा दिवस जायचा ते बाईंचा चहा निवायच्या आत झालं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन हे सगळं सांगितलं. आई ताटं वाढत होती. मी हातवारे करत होते, अक्षरं कशी सरकतात ते भाकरीचे तुकडे मांडून दाखवत होते. आई ऐकत होती. अण्णा डाव्या हाताने चमचा धरून हळूहळू जेवत होते. त्यांनी चमचा ठेवला.

“म्हणजे ते... एकदाच टाईप करायचं?” त्यांनी विचारलं. त्यांचं बोलणं तोवर समजण्याइतकं सुधारलं होतं, फक्त प्रत्येक शब्द चढ चढल्यासारखा यायचा.

“हो, एकदाच. मग नुसती नावं बदलायची.”

“मग आमची ती लाईन,” ते म्हणाले, “शेडमधली. ती कशाला?”

आई म्हणाली, “जेवा तुम्ही आधी.” ते जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला तोपर्यंत वाटत होतं की अण्णांना आपल्या हाताचं दुःख आहे. त्या रात्री कळलं, ज्या कामासाठी तो हात होता ते कामच जगातून निघून चाललंय हे त्यांना आता दिसलं होतं.

ऑफिसात कॉम्प्युटर मला थोडाच वेळ मिळायचा. लाईट जायची, नाहीतर बाईंचा मुलगा मुंबईहून येऊन बसायचा. वर्डस्टारच्या आज्ञा बोटांत बसाव्यात म्हणून मी एका जुन्या कॅलेंडरच्या मागे पुठ्ठा चिकटवला, त्यावर पेनाने कीबोर्ड काढला, खऱ्या मापाचा, आणि घरी त्यावर सराव करू लागले. वर जायचं तर कंट्रोल आणि ई. खाली जायचं तर कंट्रोल आणि एक्स. डावीकडे एस, उजवीकडे डी. त्या वेळच्या कीबोर्डवर कंट्रोल ‘ए’ला अगदी चिकटून, डाव्या कडेला असायचं. ई, एस, डी, एक्स ही चारही अक्षरं बघा, डाव्या हाताखालची. अक्षर खोडायचं जी, तेही डावीकडे. मी तोंडाने पुटपुटत डाव्या हाताची बोटं हलवत होते. समोर अण्णा खुर्चीत बसले होते. आणि मी थांबले. माझा उजवा हात इतका वेळ मांडीवर होता. अगदी त्यांच्यासारखा.

मी पुठ्ठा उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. काही समजावलं नाही. “अण्णा, करंगळी इथं. याला कंट्रोल म्हणतात. आता हे बोट ई वर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं पुठ्ठा खाली ढकलतील. “खेळणं आहे का?” ते म्हणाले.

“नाही. वर जायचा रस्ता आहे. ई म्हणजे एक ओळ वर.”

“आणि खाली?”

“एक्स.”

त्यांनी न बघता एक्स दाबला. अक्षरांची जागा त्यांना शिकवायला नकोच होती, ती त्यांच्या हाडात होती. शिकायचं होतं ते उजव्या हाताच्या अक्षरांवर डाव्या हाताने जाणं. ते फार अवघड गेलं. डावा हात ‘पी’पर्यंत पोचेतो खांदा दुखायचा. काही आज्ञा कंट्रोल आणि ‘के’ने सुरू होत. तेव्हा अण्णा करंगळी कंट्रोलवर टेकवत आणि अंगठा ताणून ‘के’वर नेत. एक वीतभर अंतर. “बसतंय,” ते म्हणत, “वीत कामाला आली.” आई कामावरून आली की विचारायची, “आज कुठवर आलं शिक्षण?” आणि अण्णा तिला पुठ्ठ्यावर वाजवून दाखवत. आवाज म्हणावा तर नुसता टकटक. पण आई चुलीपाशी बसून तो ऐकत असायची हे मी पाहिलं आहे. पुठ्ठा घामाने आणि तेलकट बोटांनी काळा पडला, अक्षरं पुसली, मी दुसरा केला.

आता प्रश्न होता खऱ्या मशीनचा. मी वकीलबाईंना विचारायला गेले.

“साळवे?” बाई म्हणाल्या. “अगं, त्यांना नीट चालता तरी येतं का?”

“काठी घेऊन येतं. जिना चढतील.”

“सुजाता, मला वाईट वाटतंय गं त्यांचं. खरंच. पण हे मशीन करमणुकीसाठी नाही. काही बिघडलं तर मुंबईहून माणूस यावा लागतो. मी मुलाला शब्द दिलाय, तुझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही म्हणून.”

“करमणुकीसाठी नाही बाई. त्यांना टाईप करायचंय.”

बाईंनी चष्मा काढला. खूप वर्षं अण्णांनी त्यांचे कागद केले होते. त्या मला काहीतरी हळुवार बोलणार होत्या, नकाराआधी बोलतात तसं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. “एकदा. रविवारी. मी शेजारी बसेन. त्यांना जमलं नाही तर मी परत हा विषय काढणार नाही.” बाईंनी ड्रॉवरमधून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

रविवारी आम्ही तिघं निघालो. आईने अण्णांना इस्त्रीचा शर्ट घातला, कोर्टात जायचे तेव्हाचा. बसमधून उतरलो, जिन्याशी आलो. अण्णांनी आधी डावा पाय, मग उजवा ओढून घेत एकेक पायरी केली. मध्ये थांबले तेव्हा आईने हात पुढे केला आणि त्यांनी तो घेतला नाही. वर चपला काढताना मात्र घेतला. एसीच्या थंड खोलीत आई दाराशीच टेकली. “मी हितंच बरी,” म्हणाली, “ते काचंचं फुटलं बिटलं तर.”

मी मशीन चालू केलं. तबकड्या कुरकुरल्या, हिरवी अक्षरं उमटली. अण्णा खुर्चीत बसले. उजवा हात मी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डावा हात कीबोर्डवर नेला आणि नेहमीच्या जोराने पहिलं बटण हाणलं. पडद्यावर एकाच अक्षराची रांग धावली. ते दचकून मागे सरले. “इतकं हलकं?” मी म्हटलं, “फक्त टेकवायचं, अण्णा.” दुसऱ्यांदा त्यांनी फुलाला हात लावावा तसं बोट टेकवलं.

करारनाम्याची सुरुवात त्यांना तोंडपाठ होती. ते ती टाईप करू लागले. एका हाताने, थांबत, खांदा वाकवत, एखादं अक्षर शोधायला सगळा हात उचलून नेत. घामाचा थेंब नाकावर आला. मग एक अक्षर चुकलं. ते एकदम थिजले. इतक्या वर्षांची सवय होती ती: चुकलं म्हणजे कागद गेला. त्यांनी करंगळी कंट्रोलवर ठेवली, एस दाबून मागे गेले आणि जी दाबला. अक्षर नाहीसं झालं. बाकीची सरकली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मुद्दाम चुकीचं अक्षर टाईप केलं आणि खोडलं. पुन्हा केलं. पुन्हा खोडलं. तोंडाची एक बाजू उचलली गेली, आणि मला कळायला क्षणभर लागलं की ते हसताहेत. आजारपणानंतर पहिल्यांदा. दारातून आई म्हणाली, “काय झालं? काय म्हणतंय त्ये?” अण्णा म्हणाले, “चूक केली तरी ओरडत नाही गं हे.”

एक परिच्छेद झाला. दुसरा झाला. सूर्य खिडकीत उतरला होता. तिसरा परिच्छेद संपत आला आणि लाईट गेली. एसीचा आवाज थांबला, पडदा काळा झाला. लिहिलेलं तबकडीवर जपून ठेवायची आज्ञा, कंट्रोल के आणि एस, मी त्यांना पुठ्ठ्यावर शिकवली होती, पण बघण्याच्या नादात आठवण करायची राहिली. दुपारभराचा घाम गेला होता. त्यांना हे कसं सांगावं कळेना. मी सांगितलं.

“सगळं?” अण्णांनी विचारलं.

“सगळं.”

आई पुढे आली. “चला आता घरी. फार झालं आजच्याला.”

अण्णा उठले नाहीत. हात कीबोर्डवरच होता. “लाईट येऊ दे,” ते म्हणाले.

आम्ही तसेच बसलो. खोली गरम होत गेली, मी खिडकी उघडली, खालून कंडक्टरांच्या हाका वर येत होत्या. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वकीलबाई आल्या होत्या. काळजीने आल्या की किल्ली न्यायला, ते मला आजही माहीत नाही. अंधुक खोलीत काळ्या पडद्यासमोर एक हात कीबोर्डवर ठेवून बसलेला माणूस त्यांनी पाहिला.

“साळवे? काय करताय?”

अण्णा उठायला लागले. बाईंनी हातानेच त्यांना बसवलं.

“लाईटची वाट बघतोय, बाई. लिहिलेलं गेलं. परत लिहितो.”

बाईंनी दाराशी चपला काढल्या आणि पक्षकारांच्या बाकावर आईशेजारी जाऊन बसल्या. आई संकोचून कडेला सरकली. लाईट यायला बराच वेळ लागला. तोवर त्या दोघी द्राक्षांवर बोलत होत्या, यंदा गोडी कशी आहे, पॅकिंगला बायका कुठून येतात. लाईट आली. अण्णांनी पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक ओळीनंतर ते वीत ताणून जपून ठेवत. ते पाहून मला हसू येत होतं आणि रडूही. पान पूर्ण झाल्यावर मी ते छापलं. प्रिंटरने करकर करत कागद बाहेर ढकलला. बाईंनी तो फाडून घेतला, उभ्याने वाचला आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, “उद्यापासून दुपारी येत जा, साळवे. करारनामे तुम्ही करा.”

त्यानंतरचे महिने सोपे होते असं मी म्हणणार नाही. अण्णा सावकाश होते. माझं काम लवकर संपायचं आणि त्यांचं राहायचं. त्यांचा खांदा रात्री आई शेकायची. एकदा त्यांनी चुकून सगळी फाईलच जपून न ठेवता बंद केली आणि संध्याकाळपर्यंत तीच परत लिहीत बसले. फोनवर त्यांचं बोलणं पक्षकारांना कळत नसे. एकजण त्यांना दारू प्यायलेला समजला आणि तसं बाईंना म्हणाला. बाईंनी त्याला काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही, पण तो माणूस पुढच्या वेळी अण्णांसाठी चिवड्याचा पुडा घेऊन आला. आणि शेडमधला एकेक टायपिस्ट रविवारी आमच्या घरी येऊन बसू लागला. अण्णा त्यांच्यासमोर तो काळा पडलेला पुठ्ठा ठेवत.

उन्हाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. दुपारी मी करारनामा छापत होते. अण्णा शेजारच्या स्टुलावर माझं संपायची वाट बघत होते. ते म्हणाले, “कॉलेज कधी उघडतं?”

“माहीत नाही.”

“मला माहीत आहे. मी विचारून आलोय. परवा फॉर्म मिळतात.”

मी हात थांबवला. “अण्णा, मी इथं बरी आहे.”

“खुर्ची एकच आहे, सुजाता. मशीन एकच आहे. आपण दोघं आहोत.” त्यांनी दम घेतला. “मी घरी बसलो म्हणून तुला कॉलेजातून उठावं लागलं. आता मी आलोय. तू ऊठ.”

खरं सांगायचं तर मला उठायचं नव्हतं. लोकांना वाटतं मी आनंदाने उड्या मारल्या असतील. मला ती खुर्ची हवी होती, ती हिरवी अक्षरं हवी होती. मी त्या मशीनवर अण्णांपेक्षा कितीतरी वेगवान होते आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, “तुम्हाला जड जाईल. दिवसभराचं काम आहे. फोन कोण घेणार?” तेव्हा आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या. “फोन मी घेईन. तू फॉर्म भर.”

मी उठले. माझे डोळे भरून आले होते आणि ते अण्णांना दिसू नयेत म्हणून मी प्रिंटरचा कागद नीट करत उभी राहिले. अण्णा स्टुलावरून उठून खुर्चीत बसले, डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढून घेतली, आणि माझा अर्धा राहिलेला करारनामा जिथे होता तिथून पुढे लिहायला लागले.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी आम्ही बरोबरच बस पकडली. आईने डबे दिले होते, दोघांना मेथीची भाजी. सीबीएसला उतरलो. ऑफिस रस्त्याच्या पलीकडे होतं आणि मला कॉलेजची बस पकडायची होती. सकाळची गर्दी, रिक्षा एकमेकींच्या अंगावर जात होत्या. मी अण्णांचा दंड धरला. “थांबा, पलीकडे सोडते.”

“तुझी बस लागलीय,” ते म्हणाले.

“दुसरी मिळेल.”

“पहिल्या दिवशी उशीर नको.” त्यांनी माझा हात दंडावरून काढला, काठी उजव्या काखेत घट्ट अडकवली आणि डावा हात उंच वर करून रस्त्यात उतरले. एक रिक्षावाला करकचून ब्रेक दाबून थांबला, मग दुसरा. अण्णा आपल्या चालीने, पाय ओढत, अजिबात घाई न करता पलीकडे गेले. फुटपाथवर चढेपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही. मी तो बघत उभी होते, आणि कंडक्टर मागून ओरडत होता, “ताई, येताय का?”